गृहप्रकल्पाच्या निधी-अर्जाची छाननी: त्याचा खर्च कोणाकडून, किती आणि कसा वसूल करायचा

सवलतीचं कर्ज, अनुदान किंवा करमुक्त रोख्यांतून पैसा मिळावा म्हणून एखादा विकसक सार्वजनिक यंत्रणेकडे अर्ज करतो, तेव्हा टेबलावर दहा-पंधरा पानांचा नमुना येत नाही, अख्खी पेटी येते. जमिनीचं मूल्यांकन, मालकी हक्काचे कागद, बांधकामाचं अंदाजपत्रक, बँकेचं तत्त्वतः संमतीपत्र, वीस-तीस वर्षांच्या भाड्याचा आणि खर्चाचा तक्ता. हे सगळं कोणीतरी वाचायचं, तपासायचं आणि त्यावर टिपण लिहून सही करायची. या कामाचा पगार, वकिलाची फी, मूल्यांकनकाराचं बिल कुठून तरी द्यावंच लागतं. ते सर्वांच्या करातून द्यायचं की अर्जदाराकडून घ्यायचं, हा धोरणाचा प्रश्न. अर्जदाराकडून घ्यायचं ठरलं असेल, तर पुढचं काम कसं करायचं ते इथे सांगतो.

बहुतेक ठिकाणी शुल्काची रचना मंजूर होणाऱ्या अर्जांकडे पाहून केली जाते. कर्ज वितरित होताना त्यातून टक्काभर कापून घेतला की झालं, असा हिशेब. पण नामंजूर झालेल्या किंवा विकसकाने मधेच मागे घेतलेल्या अर्जावरही तेवढेच तास गेलेले असतात. त्या अर्जांचा खर्च वसूल होत नसेल, तर ती रचना कच्ची आहे असंच समजा. शिवाय ‘मंजुरी दिली तरच पैसे’ ही व्यवस्था छाननी करणाऱ्यालाच मंजुरीकडे ढकलते. ही गोष्ट कुठल्याही ठरावात लिहिलेली नसते, पण विभागाचं अंदाजपत्रक त्या टक्क्यावर चालत असेल तर सगळ्यांना ठाऊक असते.

पायरी 1: आधी अधिकार आहे का ते पाहा

शुल्क आणि कर यांत कायदा फरक करतो. कर सर्वसाधारण महसुलासाठी, शुल्क विशिष्ट कामाच्या बदल्यात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठ खटल्यात हा फरक मांडला. पुढे 1983 च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात न्यायालयाने धोरण थोडं सैल केलं: पै-पैचा मेळ नको, पण सेवा आणि शुल्क यांत ढोबळ संबंध हवा. कॅलिफोर्नियात 2010 साली मतदारांनी मंजूर केलेली 26 क्रमांकाची तरतूद याहून कडक आहे. तिथे शुल्क वाजवी खर्चापेक्षा जास्त गेलं तर ते कर ठरू शकतं, आणि ते जास्त नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारी यंत्रणेवरच टाकली आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांसाठी ए-25 नावाचं परिपत्रक आहे. विशेष लाभ मिळणाऱ्याकडून पूर्ण खर्च घ्यावा आणि दरांचा दर दोन वर्षांनी आढावा घ्यावा, असं ते सांगतं.

तुमच्या ठिकाणचा कायदा कोणताही असो, दोन गोष्टी कागदावर हव्यात: शुल्क लावण्याचा स्पष्ट अधिकार, आणि दर ठरवणारा ठराव. विभागप्रमुखाच्या तोंडी आदेशावर घेतलेलं छाननी शुल्क पहिल्याच नाराज अर्जदारापाशी अडकतं.

दुसरी तपासणी अनेकजण विसरतात. तुम्ही जो पैसा वाटणार आहात, त्या निधीचे स्वतःचे नियम काय म्हणतात? अमेरिकेत 1990 च्या कायद्याने सुरू झालेला ‘होम’ नावाचा गृहनिर्माण निधी याचं चांगलं उदाहरण आहे. त्यात प्रशासकीय खर्चासाठी 10 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कार्यक्रम चालवण्याचा खर्च भागवायला अर्जदारांकडून कर्ज-प्रक्रिया शुल्क घ्यायला मनाई आहे. उगाच टाकलेले अर्ज थोपवण्यापुरतं नाममात्र अर्ज शुल्क आणि भाड्याच्या घरांसाठी वाजवी वार्षिक देखरेख शुल्क, अशा मोजक्याच सुटी. म्हणजे स्थानिक कायदा ‘घ्या’ म्हणतो आणि निधीचा नियम ‘घेऊ नका’ म्हणतो, असं होऊ शकतं. एकाच प्रकल्पात तीन वेगवेगळे निधी आले, तर प्रत्येकाची नियमावली वेगळी उघडून बघायची.

पायरी 2: कामाचा नकाशा काढा

अर्ज आत आल्यापासून दस्त नोंदवला जाईपर्यंत काय काय घडतं ते टप्प्याटप्प्याने लिहा: कागदपत्रांची पूर्तता तपासणं, त्रुटीपत्र पाठवणं, आर्थिक छाननी, बांधकाम खर्चाची तपासणी, कायदेशीर तपासणी, पर्यावरणविषयक परीक्षण, समितीचं टिपण, जाहीर सुनावणी, करारनामे, पैसे सोडणं.

मग प्रत्येक टप्प्यापुढे एक प्रश्न विचारा: हा अर्ज आला नसता तर हे काम करावं लागलं असतं का? लागलं असतं, तर तो खर्च अर्जदाराच्या माथी मारू नका. नवं गृहधोरण लिहिणं, वार्षिक निधीवाटपाचे निकष ठरवणं, लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांना उत्तरं देणं, ही कामं सर्वसाधारण आस्थापना खर्चात राहतात. पहिल्या चौकशीच्या भेटीचंही शुल्क लावू नये असं माझं मत आहे. त्या अर्ध्या-पाऊण तासात ‘तुमचा प्रकल्प या योजनेत बसत नाही’ एवढं सांगता आलं, तर पुढचे साठ तास वाचतात.

काही निधींत छाननी एकदाच होऊन संपत नाही. अमेरिकेत 1986 साली आलेल्या परवडणाऱ्या घरांच्या करसवलतीच्या योजनेत प्रकल्पाला गरजेपेक्षा जास्त सवलत मिळत नाही ना, हे यंत्रणेला तीनदा तपासावं लागतं: अर्जाच्या वेळी, वाटपाच्या वेळी आणि इमारत वापरात आल्यावर. तिन्ही वेळा तक्ता नव्याने उघडावा लागतो. नकाशात एकच ‘आर्थिक छाननी’ लिहून ठेवली तर पुढच्या दोन फेऱ्या फुकटात जातात.

पायरी 3: एका तासाचा खरा दर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून आकडे मांडून पाहू. आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. चलन कोणतंही धरा.

एका छाननी अधिकाऱ्याचा वार्षिक पगार 18 लाख. आठवड्याचे 40 तास, वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 2,080 तास. भागाकार केला की ताशी साधारण 865. अनेक दरपत्रकं इथेच थांबतात.

पण निवृत्तिवेतन, विमा वगैरेंचा भार पगारावर 30 टक्के धरला तर खर्च 23.4 लाख होतो. आणि माणूस 2,080 तास फाइलींवर बसत नाही. सुट्ट्या, रजा, आजारपण यांत 280 तास जातात. बैठका, प्रशिक्षण, अंतर्गत कामांत आणखी 300. उरले 1,500. आता दर 1,560. त्यावर कार्यालय, संगणक प्रणाली, लेखा विभाग, वरिष्ठांची देखरेख यांचा अप्रत्यक्ष खर्च 25 टक्के धरला की 1,950.

865 ने आकारणी करणारी यंत्रणा खर्चाच्या निम्मेही वसूल करत नाही, आणि तरी तिच्या अहवालात ‘पूर्ण खर्च वसुली’ असं लिहिलेलं असतं.

अप्रत्यक्ष खर्चाची टक्केवारी मात्र हवेतून आणू नका. ती कशी काढली याचं एक पानाचं टिपण लेखा विभागाकडून सहीनिशी घ्या. वाद झाला की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आता तास. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या फाइली काढून टप्पावार अंदाज बांधा. समजा सरासरी अशी निघाली: पूर्तता 6, आर्थिक छाननी 40, कायदेशीर 18, बांधकाम 12, पर्यावरण 10, टिपण आणि सुनावणी 14. एकूण 100 तास. सगळ्यांचा मिळून एकच सरासरी दर धरला तर 1,95,000, बाहेरच्या सल्लागारांचा खर्च वेगळा. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका, पसारा पाहा. साधा अर्ज 60 तासांत संपत असेल आणि गुंतागुंतीचा 240 तास खात असेल, तर सरसकट शुल्क साध्या अर्जदारावर अन्याय करतं आणि गुंतागुंतीच्या अर्जावर तोटा देतं.

पायरी 4: ठोक रक्कम, टक्केवारी की अनामत?

टक्केवारी लोकप्रिय आहे कारण ती सोपी आहे आणि मोठ्या प्रकल्पातून मोठी रक्कम येते. माझा तिला विरोध आहे, निदान छाननीच्या खर्चासाठी तरी. 10 कोटींच्या आणि 50 कोटींच्या अर्जाचा कागद जवळपास सारखाच असतो. पाचपट पैसे मागितले म्हणून पाचपट तास लागत नाहीत. उलट जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा, भाडेकरूंच्या तात्पुरत्या स्थलांतराचा छोटा प्रकल्प अधिकाऱ्याला घाम फोडतो. पायरी 1 मध्ये पाहिलेला सेवा आणि शुल्काचा संबंध टक्केवारीत पहिल्यांदा तुटतो. रोखे काढून देण्याच्या बदल्यात यंत्रणा जे शुल्क घेते त्याचं तर्कशास्त्र वेगळं असू शकतं. पण ते छाननी खर्चात मिसळू नये, दोन ओळी वेगळ्या दाखवाव्यात.

व्यवहारात दोन टप्प्यांची रचना चांगली चालते. पहिल्या टप्प्याला, म्हणजे पूर्तता आणि पात्रता तपासणीला, ठोक आणि परत न मिळणारं शुल्क. हे काम सगळ्या अर्जांत सारखं असतं. दुसऱ्या टप्प्याला अनामत रक्कम: प्रत्यक्ष तास आणि प्रत्यक्ष बिलं त्यातून वजा होत जातात, उरलेलं परत. अनामत किती ठेवायची? साध्या अर्जाला जो खर्च येतो तेवढी. सरासरीएवढी ठेवली तर साध्या अर्जदाराचे पैसे विनाकारण अडकतात.

पायरी 5: काम सुरू व्हायच्या आधी करारनामा

करारावर सही नाही, तोवर फाइल उघडायची नाही. अध्यक्षांचा फोन आला तरी. हा नियम एकदा वाकला की वाकलेलाच राहतो.

सगळ्यात आधी बघायचं ते सही कोण करतंय. गृहप्रकल्पासाठी बहुधा नवी स्वतंत्र कंपनी किंवा भागीदारी काढलेली असते. तिच्याकडे प्रकल्प उभा राहीपर्यंत काहीच नसतं, कधी कधी तर अर्जाच्या वेळी ती नोंदलेलीही नसते. तिच्या सहीवर विसंबून राहिलात आणि प्रकल्प बारगळला, तर वसुली कोणाकडून करणार? मूळ विकसक संस्थेची सही किंवा हमीपत्र घ्याच.

मग कलमं. शुल्क भरलं म्हणजे मंजुरीचं वचन मिळालं असं नाही, हे अगदी ठसठशीत लिहा. निर्णय काहीही लागो, झालेल्या कामाचे पैसे देय राहतील. सल्लागार यंत्रणा निवडेल, त्यांचा अहवाल यंत्रणेचा असेल आणि माहितीच्या कायद्याखाली तो खुला होऊ शकेल. अर्जदाराने अर्ज मागे घेतला तर पत्र मिळाल्याच्या दिवशी काम थांबेल, पण तोवरचे तास लागतील. खर्चाच्या मासिक विवरणपत्रावर हरकत घ्यायची तर 15 दिवसांत, लेखी. उरलेली रक्कम किती दिवसांत परत, तेही आकड्यात लिहा. ‘यथावकाश’ हा शब्द करारात दिसता कामा नये.

पायरी 6: सल्लागार

पैसे अर्जदाराचे, पण नेमणूक आणि सूचना यंत्रणेच्या. सल्लागाराचं बिल यंत्रणेच्या नावे, यंत्रणेनेच चुकतं करायचं, आणि अनामतीतून वळतं करायचं. विकसकाने थेट पैसे दिले की ‘या प्रकल्पाला सार्वजनिक पैशाची खरंच गरज आहे का’ या प्रश्नाचं उत्तर सल्लागार कोणाकडे बघून लिहील, हे वेगळं सांगायला नको. काम देण्याआधी त्याच विकसकाकडून त्याने गेल्या काही वर्षांत काम घेतलंय का, हे लेखी विचारून घ्या.

पायरी 7: तासांची नोंद

प्रत्येक अर्जाला स्वतंत्र संकेतांक द्या आणि त्यावर त्याच दिवशी तास नोंदवा. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेली टाइमशीट लेखापरीक्षकाला लगेच ओळखू येते. सगळे आकडे 2, 4 आणि 8 असतात.

नोंदीत काय लिहिलंय याला महत्त्व आहे. ‘फाइल पाहिली, 3 तास’ ही नोंद हरकतीपुढे टिकत नाही. ‘दुरुस्तीच्या राखीव निधीची तरतूद अशाच तीन इमारतींच्या प्रत्यक्ष खर्चाशी ताडली, तरतूद कमी निघाली, विकसकाला ईमेल, 2.5 तास’ ही टिकते. विकसकाने चालवण्याचा खर्च कमी दाखवला की कर्ज फेडायची ताकद जास्त दिसते, बँकेचं कर्ज फुगतं आणि तुमच्याकडे मागायची रक्कम छोटी भासते. दोन वर्षांनी तोच प्रकल्प मदत मागायला परत येतो. अडीच तासांत नेमकं हे पकडलं जातं, आणि नोंद वाचणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.

एक मर्यादाही पाळा. यंत्रणेच्या चुकीमुळे काम दुसऱ्यांदा करावं लागलं, किंवा फाइल नव्या अधिकाऱ्याकडे गेल्यामुळे त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, तर ते तास अर्जदाराला लावू नयेत. त्यांचा वेगळा संकेतांक ठेवा.

पायरी 8: अनामतीचं खातं चालवणं

अनामत म्हणजे उत्पन्न नव्हे. काम होईपर्यंत ती देणं आहे, आणि पुस्तकात तशीच दिसली पाहिजे. प्रत्येक अर्जाची खतावणी वेगळी, दर महिन्याला विवरणपत्र: सुरुवातीची शिल्लक, तास, बिलं, अखेरची शिल्लक. समजा अनामत 3 लाख आहे, तर शिल्लक 75 हजारांखाली जाताच भरणा करायचं पत्र जावं. दहा कामकाजी दिवसांत पैसे आले नाहीत तर काम थांबतं, आणि निर्णयाची मुदतही त्या दिवसांपुरती थांबते. मुदत थांबण्याचं कलम करारात नसेल, तर पैसे न भरता विलंबाचा ठपका तुमच्यावरच येईल.

वसूल झालेली रक्कम कोणत्या लेखाशीर्षात जमा होते हेही आधीच ठरवा. ती सर्वसाधारण महसुलात गेली, तर कागदावर वसुली शंभर टक्के आणि विभागात माणूस एकही वाढत नाही. ज्या विभागाने काम केलं त्याच्या खर्चात ती वळती होईल, असं ठरावातच लिहून घ्या.

पायरी 9: एका खिशातून दुसऱ्या खिशात

हा भाग दरपत्रकाच्या चर्चेत सहसा येत नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा प्रकल्पाचा खर्च 30 कोटी. बँक 16 कोटी देते, गुंतवणूकदार 8, आणि उरलेली 6 कोटींची तूट तुमची यंत्रणा भरते. तुम्ही 10 लाख छाननी शुल्क घेतलं. विकसकाने ते प्रकल्पखर्चात घातलं. खर्च झाला 30 कोटी 10 लाख. बँक आणि गुंतवणूकदार जागचे हलले नाहीत. तूट झाली 6 कोटी 10 लाख, आणि ती भरणार तुम्हीच. वसुली शून्य, घरांसाठीचा पैसा प्रशासनाकडे वळला, एवढंच झालं. जिथे प्रशासकीय खर्चावर मर्यादा आहे, तिथे ही मर्यादेला दिलेली बगल ठरू शकते.

मग शुल्क घ्यायचंच नाही का? तसं नाही. यंत्रणा स्वतःचा पैसा न घालता फक्त रोख्यांना वाट करून देत असेल, म्हणजे रोखे तिच्या नावे निघतात पण पैसा बाहेरच्या गुंतवणूकदारांचा असतो, तर भार खरोखर बाहेरचा भांडवलदार उचलतो. तिथे पूर्ण वसुली करा. तुमची मदत प्रति घर ठरावीक कमाल रकमेपर्यंतच असेल, तर वाढीव खर्च विकसकाच्या स्वतःच्या मोबदल्यातून जातो. तिथेही वसुली खरी. नामंजूर अर्जांत तर प्रश्नच नाही. पण तूट भरून देणाऱ्या सवलतीच्या कर्जात फक्त बाहेरच्या सल्लागारांचा खर्च आणि ठोक अर्ज शुल्क घ्यावं, अंतर्गत तास सोडून द्यावेत. दरपत्रक मंजुरीला नेताना प्रत्येक योजनेपुढे ‘हा भार शेवटी कोणावर पडतो’ असा एक रकाना ठेवा. सभेत प्रश्न विचारले जातील, पण ते योग्य प्रश्न असतील.

पायरी 10: छोट्या संस्था

ना-नफा संस्थेकडे अर्जाच्या वेळी रोख नसते. तिला पैसा मिळतो तो बांधकाम कर्ज मिळाल्यावर. तिच्यासाठी भरणा पुढे ढकलता येतो, किंवा दुसऱ्या टप्प्याची अनामत हप्त्यांत घेता येते. माफी द्यायचीच असेल तर उघडपणे द्या: ठरावात निकष, आणि अंदाजपत्रकात ‘शुल्क सवलत’ म्हणून वेगळी तरतूद. माफ केलेली रक्कम इतर अर्जदारांच्या ताशी दरात गुपचूप मिसळली, तर त्यांच्याकडून त्यांच्या खर्चापेक्षा जास्त घेतलं असा त्याचा अर्थ होतो, आणि पायरी 1 मधला सगळा पाया ढासळतो.

पायरी 11: मंजुरीनंतरची वर्षं

भाडी ठरल्याप्रमाणे आहेत का, रहिवासी उत्पन्नाच्या अटीत बसतात का, हे पुढे वर्षानुवर्षं तपासावं लागतं. मघाशी सांगितलेल्या करसवलतीच्या योजनेत पूर्ततेचा काळ 15 वर्षांचा आहे आणि घरं परवडणारी ठेवण्याची बांधिलकी किमान 30 वर्षांची. या कामाचं शुल्क छाननीच्या अनामतीत कोंबू नका. प्रति घर, प्रति वर्ष असं वेगळं देखरेख शुल्क ठेवा आणि ते प्रकल्पाच्या चालू खर्चाच्या तक्त्यात पहिल्याच दिवशी दिसू द्या. दहाव्या वर्षी नव्याने मागायला गेलात तर इमारतीच्या भाड्यात त्याची जागा नसते.

पायरी 12: आढावा

वर्षातून एकदा बंद झालेल्या प्रत्येक अर्जाचे अंदाजित आणि प्रत्यक्ष तास शेजारी-शेजारी मांडा: मंजूर, नामंजूर आणि मागे घेतलेले वेगवेगळे. ठोक शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च यांत सातत्याने फरक पडत असेल तर दर बदला. वर नेण्याची घाई सगळ्यांनाच असते. खाली आणायची वेळ आली तर तेही करा, कारण जास्तीची वसुली हीच कायद्याच्या दृष्टीने धोक्याची बाजू आहे. नवा दर लागू होण्याची तारीख आधी जाहीर करा. आधी दाखल झालेल्या अर्जांना मात्र दाखल झाल्या दिवशीचाच दर शेवटपर्यंत लावा.